हजेरीची वही

किर्लोस्करवाडीला पॅसेंजरमध्ये बसून कराडच्या दिशेनं निघालं की ताकारी, भवानीनगर, शेणोली अशी स्टेशनं लागतात. दोन्ही अंगांना ऊस, मधूनच द्राक्षाचे मांडव, लांबवर एखाद्या कारखान्याचं धुराडं. गाडी मिनिटभर थांबते, दुधाचे कॅन आणि कॉलेजची पोरं चढतात-उतरतात आणि गाडी निघते. बाहेर बघण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटत नाही. या एवढ्याशा टापूत 1943 साली दोन मोठे गुन्हे घडले. गुन्हे म्हणजे त्या वेळच्या पोलीस दप्तरातले.

पहिला भवानीनगरचा. पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोचं भांडण जुंपलं. मारहाण सुरू झाली, एकानं तर बाईच्या डोक्यात घालायला दगड उचलला. आतले पोलीस सोडवायला बाहेर धावले. तेवढ्या वेळात मागच्या बाजूनं आलेल्यांनी ठाण्यातल्या बंदुका आणि काडतुसं उचलली. भांडण हे सोंग होतं. त्यातली बाई म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी हौसाबाई. त्या 2021 साली वारल्या. शेवटपर्यंत हा प्रसंग हसत हसत सांगायच्या, आणि सोंग खरं दिसावं म्हणून खाल्लेला मार कसा खराच होता हेही सांगायच्या.

दुसरा शेणोलीचा. 7 जून 1943. पुण्याहून मिरजेकडं रेल्वे नोकरांचे पगार घेऊन जाणारी गाडी नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या तूफान सेनेतल्या पोरांनी रुळावर दगड रचून अडवली आणि पगाराची रोकड काढून घेतली. पुढे होते कुंडलचे दोन तरुण: जी. डी. बापू लाड आणि रामचंद्र श्रीपती लाड. यातले दुसरे म्हणजे कॅप्टन भाऊ. 1922 चा जन्म, 2022 च्या फेब्रुवारीत गेले, शंभरी अवघ्या काही महिन्यांनी हुकली. म्हातारपणी भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी भाबडेपणानं ‘तुम्ही गाडी लुटली’ असं म्हणालं की ते चिडायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. लुटलं इंग्रजांनी, आमच्या लोकांना. आम्ही तो पैसा परत आणला.

एका शब्दासाठी सत्तर वर्षांनंतरही चिडणारा हा माणूस मला फार मोलाचा वाटतो. गाडी अडवली का, हो. बंदुका होत्या का, हो. रोकड नेली का, हो. यातलं काहीच त्यांनी कधी नाकारलं नाही. हरकत फक्त शीर्षकाला होती. गुन्ह्याच्या बाबतीत खरं भांडण बहुतेक वेळा तिथंच असतं.

आपली भाषाही हे जाणून असावी. मराठीत गुन्हा ‘दाखल’ होतो. नावावर गुन्हा ‘पडतो’. माणूस ‘रेकॉर्डवरचा’ असतो. चोरी रानात होते. गुन्हा मात्र वहीत होतो. गुन्हा हा शब्दसुद्धा फारसीतून सरकारी दप्तरातच आला. आपल्या अंगणातले शब्द आगळीक, चूक, खोडी, पाप. अपराध हा देवापुढं पदरात घालून घ्यायचा. वही कुणाच्या हातात आहे यावर शब्द ठरतो, आणि पलूसच्या या टापूत चाळीसेक वर्षांच्या अवधीत वही तीन वेगवेगळ्या हातांत होती.

आज पलूस हा सांगली जिल्ह्यातला स्वतंत्र तालुका. पूर्वी हा भाग तासगावात मोडे आणि तासगाव इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. पण कुंडल इंग्रजांचं नव्हतं, औंध संस्थानाचं होतं. औंध म्हणजे बहात्तर गावांचं चिमुकलं राज्य, तेही चार तुकड्यांत विखुरलेलं: औंध, आटपाडी, कुंडल आणि खाली विजापूरकडचं गुणदाळ. कुंडलच्या तुकड्याला चारी बाजूंनी इंग्रजांचा मुलूख. म्हणजे एका शिवारात इंग्रजांचा फौजदार आणि पलीकडच्या शिवारात पंतप्रतिनिधींचा. फरारी माणसाला आणखी काय हवं? इकडं वॉरंट निघालं की बांध ओलांडायचा. ज्या कृत्याला या बांधावर बेडी होती, त्यालाच त्या बांधावर निदान विचारपूस होती.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हटलं की लोकांना सूर्यनमस्कार आणि चित्रांचं संग्रहालय आठवतं. गुन्हेगाराकडं बघण्याची त्यांच्या राज्यातली तऱ्हा मात्र त्या काळात विक्षिप्तच म्हणायला हवी. 1910 साली बेळगावातून उठावं लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला. निवडुंग आणि सापांचं रान. त्याची किर्लोस्करवाडी झाली, स्टेशनाचं नावही बदललं. या वसाहतीच्या रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी कुणाला ठेवलं? शिक्षा भोगून बाहेर आलेल्यांना. लोखंडाचा कारखाना, माळावरची वस्ती, भिंत ना कुंपण, आणि रात्री हातात काठी घेऊन फिरणारा कालचा कैदी.

हे ऐकून आज आपण ‘सुधारणावादी दृष्टी’ वगैरे म्हणतो. मला त्यात गावाचं जुनं शहाणपण जास्त दिसतं. या मुलखात रामोश्याला राखणदार नेमायची रीत इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे. गावची राखण रामोश्याकडं, त्याबदल्यात त्याला गावाकडून धान्य आणि हक्क. चोरी झाली तर त्यानं माग काढायचा. माग पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दिला की जबाबदारी त्या गावच्या राखणदारावर. माग लागला नाही तर भरपाई याच्या माथी. चोरीचं ज्ञान असलेला माणूस राखणीला उत्तम, हे यातलं गणित. कुणी म्हणेल, ही तर खंडणीच झाली: आम्हाला द्या, नाहीतर चोरी होईल. थोडी होतीच. पण त्या व्यवस्थेत रामोशी गावाचा होता. त्याचं नाव गावच्या हक्कदारांत होतं.

पेशवाई गेली, राखणीचं काम पगारी पोलिसांकडं गेलं, रामोश्यांचे हक्क आणि इनामं आटली. उमाजी नाईकांचं बंड त्यातूनच पेटलं. इंग्रजांनी ते मोडलं, उमाजींना फाशी दिली. त्यानंतरचं शतक या लोकांना वहीतून वहीत नेण्यात गेलं. हक्कदारांच्या वहीतून नाव निघालं आणि गुन्हेगारांच्या वहीत चढलं. माणूस तोच, रात्री जागायची सवय तीच, पायवाटांची माहिती तीच.

1871 साली कलकत्त्याला बसलेल्या सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा विचार असा की हिंदुस्थानात विणकराचा पोरगा विणकर होतो, सुताराचा सुतार. मग चोराचा पोरगा चोरच होणार. जातिव्यवस्थेचा इतका सोयीस्कर उपयोग आपल्या शास्त्री-पंडितांनीही क्वचितच केला असेल. सुरुवातीला उत्तरेत लागू असलेला हा कायदा 1911 मध्ये मुंबई इलाख्यावरही आला. सरकारनं अधिसूचना काढून एखादी जमात गुन्हेगार ठरवली की त्या निर्णयाला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येत नसे. मूल जन्मतः संशयित. परवानगीच्या दाखल्याशिवाय गाव सोडायचा नाही. आणि हजेरी. मांग, रामोशी यांच्या घरांतल्या बाप्यांनी ठरल्या वेळी चावडीवर जाऊन पाटलापुढं उभं राहायचं, नाव पुकारलं की ‘हाय जी’ म्हणायचं. दिवसभर रानात राबून आलेला माणूस अंधार पडला की गुन्हेगार.

हजेरीनं काय केलं हे समजून घ्यायला पलूसहून लांब जावं लागत नाही. शेजारच्या वाळवा तालुक्यातलं वाटेगाव हे अण्णा भाऊ साठ्यांचं गाव. 1 ऑगस्ट 1920 चा त्यांचा जन्म, आणि 1959 सालची ‘फकिरा’ ही कादंबरी ज्याच्यावर आहे तो त्यांच्याच नात्यातला. सरकारी खजिना लुटणारा, दुष्काळात उपाशी वस्तीला धान्य वाटणारा, शेवटी सरकारच्या हाती पडलेला. नव्या जन्मलेल्या अण्णा भाऊंच्या घुटीसाठी फकिरानं लुटीतल्या रुपयांची ओंजळ दिली, अशी आठवण त्या घरात सांगितली जाते. ‘फकिरा’ वाचणाऱ्या बहुतेकांना त्यातला पराक्रम आठवतो. मला त्यातली हजेरी आठवते. पराक्रम एखाद्या रात्रीचा असतो, हजेरी रोजची.

इंग्रजी मुलखात ही हजेरी चालू असतानाच बाळासाहेबांच्या राज्यात उलटा प्रयोग चालू होता. 1939 च्या जानेवारीत औंधनं आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देऊन टाकली. त्यामागं गांधीजी होते, राजपुत्र अप्पासाहेब पंत होते, आणि भारतानंद हे नाव घेतलेला मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर होता. त्याच फ्रीडमनच्या डोक्यातून निघालेली वसाहत म्हणजे आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. जन्मठेपेचे कैदी, भिंती नाहीत, शेती करायची, बायका-पोरांना घेऊन राहायचं. आजही ती सरकारची मुक्त वसाहत म्हणून चालू आहे. 1957 साली व्ही. शांतारामांनी काढलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’चं मूळ इथलंच, आणि तो लिहिला ग. दि. माडगूळकरांनी. माणदेशात वाढलेल्या, काही काळ कुंडलच्या शाळेत शिकलेल्या माडगूळकरांना हे कैदी काही पुस्तकात भेटले नव्हते. सिनेमाला बर्लिनमध्ये बक्षीस मिळालं. स्वतंत्रपूरचं नाव मात्र सांगली जिल्ह्याबाहेर किती जणांना माहीत आहे, देव जाणे.

म्हणजे बघा. एकाच दशकात, एकमेकांना लागून असलेल्या मुलखांत, एका सरकारच्या लेखी माणूस जन्मण्याआधीच गुन्हेगार, आणि दुसऱ्याच्या लेखी खून केलेला माणूसही गडी म्हणून, बाप म्हणून उरलेला. दोन्हीकडं माणसं मराठी बोलणारीच.

तिसरी वही आली 1942 नंतर.

त्या ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेले आणि सातारा जिल्ह्यात कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले. 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि इतर मारले गेले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला. तिथं पडलेल्यांत उमाशंकर पंड्या होते, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले. निःशस्त्र मोर्चाचा हा निकाल बघितल्यावर पोरं भूमिगत झाली. 1943 मध्ये प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना समांतर असं लोकांचं सरकार, उभं राहिलं. डोक्यावर बक्षीस असलेले नाना पाटील नेते. कधीकाळी ते तलाठी होते, 1930 साली नोकरी सोडून चळवळीत आलेले. तलाठ्यानं सरकार मोडायला निघावं यात मला नेहमी गंमत वाटते. वहीची ताकद त्याच्याइतकी कुणाला कळणार?

प्रतिसरकार म्हटलं की लोक रेल्वे, खजिना आणि बंदुकांच्या गोष्टी सांगतात. 14 एप्रिल 1944 ला धुळ्याजवळ चिमठाण्याला सरकारी खजिन्याचे साडेपाच लाख नेले, त्यात कुंडलचे जी. डी. बापू होते, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी होते. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण सरकार म्हणून या मंडळींनी केलेलं सगळ्यात धाडसाचं काम वेगळं होतं. त्यांनी गुन्ह्यांची नवी यादी केली.

गावोगाव न्यायदान मंडळं बसली. आणि त्यांच्यापुढं काय काय आलं? सावकारानं कोर्टाच्या हुकुमानं घशात घातलेली जमीन. म्हणजे इंग्रजी कायद्यात पूर्ण वैध व्यवहार, अंगठा घेतलेला, साक्षीदार असलेला. 1875 ला पुणे आणि नगरकडच्या शेतकऱ्यांनी खतं जाळली तेव्हा गुन्हेगार ठरले शेतकरी. नंतर 1879 ला सरकारनं पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला खरा, पण सावकारी राहिली आणि कागदही राहिला. प्रतिसरकारनं कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, जमीन कसत कोण आलाय? सावकारी हा गुन्हा झाला. दारू गाळणं हा गुन्हा झाला. पोलिसांना बातमी देणं हा सर्वांत मोठा गुन्हा झाला. एका वहीत जे बक्षिसाला पात्र ते दुसऱ्या वहीत जिवावर बेतणारं. लग्नात कर्ज काढून उधळपट्टी करणं हेही वावगं ठरलं. हारतुऱ्यांवर ‘गांधी विवाह’ लागू लागले.

आणि बाईवर हात टाकणं, बायकोला टाकून देणं हा गुन्हा झाला. हे लिहिताना मी थांबतो. नवऱ्यानं बायकोला छळणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून देशाच्या दंडविधानात 498-अ हे कलम आलं 1983 साली. चाळीस वर्षं आधी, जोंधळ्याच्या रानात लपून बसलेल्या विशी-बाविशीच्या पोरांनी त्याला शिक्षा ठरवली होती. आता भवानीनगरचं ते सोंग पुन्हा आठवा. पोलीस बंदुका सोडून बाहेर धावले ते बायकोला होणारी मारहाण बघून. ते कोणत्या कलमाखाली धावले? बायकोच्या छळाचं वेगळं कलम नव्हतंच. माणूस म्हणून धावले, आणि त्याची किंमत म्हणून बंदुका गेल्या. मला त्या अनाम शिपायांबद्दल थोडं वाईटच वाटतं.

शिक्षा म्हणजे दंड, माफी, गावापुढं उभं करणं, आणि शेवटची पत्री. ‘प्रति’चं ‘पत्री’ झालं ते याच शिक्षेमुळं. बैलाला नाल ठोकताना खाली पाडून पाय बांधतात तसं माणसाला पाडायचं आणि तळपायांवर काठीनं मारायचं. खिळ्यांनी खरोखरचे पत्रे ठोकायचे ही दंतकथा दूरवर पसरली. चळवळीतल्या माणसांनी पुढं सांगितलं ते काठीचंच. दंतकथेचा फायदा मात्र त्यांनी पुरेपूर घेतला. आमच्याकडं माझ्या लहानपणापर्यंत उंडग्या पोराला ‘पत्र्या मारल्या पायजेत’ असं म्हणत, तेव्हा नाना पाटील जाऊन बरीच वर्षं झाली होती.

इथं हळवं होऊन चालणार नाही. न्यायदान मंडळाच्या वर अपील नव्हतं. खबऱ्या कोण हे ठरवणारे तेच, शिक्षा देणारे तेच. भाऊबंदकीचा वचपा पत्रीच्या नावाखाली कुणी काढलाच नसेल असं गावात राहिलेला माणूस म्हणणार नाही. आणि मंडळात बसणारे गावातले कोण होते, कोणत्या आळीतले होते, हाही प्रश्न विचारायलाच हवा. कासेगावात आयुष्य काढलेल्या गेल ऑमव्हेट यांच्यापासून अनेक अभ्यासकांनी या चळवळीत शेतकरी-बहुजनांचं राज्य पाहिलं, ते खरंच आहे. पण गावकुसाबाहेरच्या हजेरीची वही या तीन वर्षांत फाडली गेली का? तूफान सेना दरोडेखोरांच्या टोळ्यांच्याही मागं लागली होती. लोकांना ते हवंच होतं. 1942 च्या गोंधळात टोळ्यांनी उच्छाद मांडला होता. मात्र दरोडेखोर कोण आणि क्रांतिकारक कोण ही रेघ आता कुंडलच्या पोरांनी ओढली होती, आणि स्वतः रेघेच्या या बाजूला उभे राहूनच ओढली होती. रेघ ओढणारा कधी दुसऱ्या बाजूला उभा राहत नाही.

1946 ला मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागं घेतली गेली. त्यानंतर जे झालं ते कादंबरीत लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. कुंडलच्या शेजारच्या देवराष्ट्र्यात जन्मलेले यशवंतराव चव्हाण 1942 ला भूमिगत होते, 1943 ला पकडले गेले. 1946 ला ते गृहखात्याचेच संसदीय सचिव झाले आणि वीस वर्षांनी देशाचे गृहमंत्री. 24 जुलै 1943 ला सांगलीचा तुरुंग फोडून पळताना गोळी लागलेले वसंतदादा पाटील 1977 ला मुख्यमंत्री झाले. नाना पाटील 1957 ला साताऱ्यातून आणि 1967 ला बीडमधून लोकसभेवर गेले. जी. डी. बापूंच्या नावानं आज कुंडलला साखर कारखाना आहे. म्हणजे ज्यांच्या मागं पोलीस होते, पोलीस खातं त्यांच्याच हाताखाली आलं.

यातला सर्वांत गमतीचा कागद पुढं आहे. 1972 पासून केंद्र सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. तुरुंगात सहा महिने काढलेल्यांना तुरुंगाचा दाखला पुरत असे. पण भूमिगत असलेल्यानं काय दाखवायचं? नियम असा: तुम्हाला फरारी घोषित केलं होतं, किंवा तुमच्या डोक्यावर बक्षीस लावलं होतं, किंवा तुमच्या स्थानबद्धतेचा हुकूम निघाला होता पण बजावता आला नव्हता, यातला पुरावा आणा. इंग्रजांनी तुम्हाला नीट गुन्हेगार ठरवलं असेल तर आम्ही तुम्हाला नीट देशभक्त ठरवतो. ज्याचं नाव शत्रूच्या वहीत चढलंच नाही, जो बातम्या पोचवत होता, जी बाई रात्री भाकऱ्या थापून रानात पाठवत होती, त्यांच्याकडं कागद नव्हता. चांगला लपलेला माणूस असा शेवटी नुकसानीत गेला.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यानं 1895 मध्ये म्हटलं होतं की संतांचा मठ जरी वसवला तरी तिथं गुन्हे होतीलच; फक्त आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी तिथं मोठे अपराध ठरतील. अमेरिकेत हॉवर्ड बेकरनं 1963 मध्ये मांडलं की विचलन हा कृत्याचा गुण नाही, इतरांनी चिकटवलेल्या चिठ्ठीचा तो परिणाम आहे. विद्यापीठात हे शिकवतात आणि शिकवायलाच हवं. मात्र बेकरचं पुस्तक येण्याच्या वीस वर्षं आधी शेणोलीच्या रुळावर याचं प्रात्यक्षिक झालं होतं. फक्त बेकरच्या मांडणीत आपल्याकडचं एक कोडं पुरतं सुटत नाही: चिठ्ठी काहींच्या अंगावरून इतक्या सहज गळते, आणि काहींच्या कातडीतच का रुजते?

कारण गुन्हेगार जमातींचा कायदाही रद्द झालाच. 31 ऑगस्ट 1952. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. महाराष्ट्राच्या यादीत विमुक्त जाती चौदा: बेरड, रामोशी, कैकाडी, कंजारभाट, वडार, पारध्यांतले काही, आणखी काही. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी ही माणसं स्वतंत्र झाली. आणि त्यानंतर लगेच वहीचा पुठ्ठा बदलला: राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा 1959 चा. आता जमात म्हणायचं नाही, माणूस म्हणायचं. पण ठाण्यातल्या भिंतीवरची आडनावं पुष्कळदा तीच. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 ला आलं, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ त्यानंतर काही वर्षांनी. दोन्हींना साहित्य अकादमी मिळाली. पुस्तकांची नावं बघा. समाजानं मारलेली हाकच लेखकांनी मुखपृष्ठावर छापली.

ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांत जातीवर कामं वाटणं घटनाबाह्य ठरवलं, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला, विमुक्त जातींना सराईत गुन्हेगार धरणाऱ्या तुरुंग नियमावल्यांवर कडक बोललं. 1871 पासून 2024. दीडशे वर्षांनी एक रकाना.

लोकांच्या डोक्यातली वही सरकारी वहीशी नेहमी जुळत नाही, ही गंमत इथं रोज दिसते. बैलगाडी शर्यतीचंच घ्या. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली आणि सांगली-साताऱ्याकडचा शर्यतींचा चाहता एका रात्रीत गुन्हेगार झाला. खोंड विकले गेले, काहींनी जपले. शर्यती पहाटे, आडरानात, मोबाईलवर निरोप फिरवून होऊ लागल्या. ऑगस्ट 2021 मध्ये आटपाडीकडच्या झरे गावी तर पोलीस बंदोबस्त असताना शर्यत झाली. डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, मे 2023 ला घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. मधल्या साडेसात वर्षांत गुन्हे दाखल झालेल्यांपैकी एकालाही गावानं चोर म्हटलं नाही. उलट बक्षीसच लागल्यासारखं बोलत.

किंवा आकडा. तारेवर आकडा टाकून वीज घेणं हे 2003 च्या वीज कायद्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचं काम. गावात मात्र ‘आकडा टाकलाय’ हे ‘पाणी धरलंय’ याच सुरात सांगतात. वीजचोर हा शब्द फक्त भरारी पथक आलं की ऐकू येतो. मी आकड्याचं समर्थन करत नाही. एवढंच म्हणतो की तिथं चोरी ही क्रिया आहे आणि चोर ही व्यक्ती नाही. हा मोठेपणा आपण सगळ्यांना दाखवत नाही.

द्राक्षाचा हंगाम हे याचं सर्वांत कडू उदाहरण. पलूस-तासगाव पट्ट्यात दर वर्षी कुठला ना कुठला व्यापारी येतो, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मोजतो, विश्वास बसतो, पुढच्या गाड्या उधारीवर जातात आणि व्यापाऱ्याचा फोन बंद होतो. एकेका शेतकऱ्याचे लाखो जातात. औषधं, मजुरी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या पैशांवर. आणि आपण काय म्हणतो? ‘व्यापाऱ्यानं बुडवलं.’ बुडवलं! जणू नदीचा दोष. ठाण्यात गेलं तर बराच काळ, हा दिवाणी व्यवहार आहे, असं उत्तर मिळतं. अमेरिकेत एडविन सदरलँडनं 1939 साली पांढरपेशा गुन्हेगारी हा शब्द काढला तो याच रोगासाठी: कोट घातलेल्याच्या चोरीला समाज चोरी म्हणत नाही. आपल्याकडं कोटसुद्धा लागत नाही, गळ्यात उपरणं आणि हातात दोन मोबाईल पुरतात.

त्याच बागेच्या विहिरीवरची मोटारीची केबल कुणी तोडून नेली तर? तांब्यासाठी केबली तोडून नेणं इकडं नवं नाही. नुकसान काही हजारांचं. पाळीला पाणी नाही म्हणून शेतकरी खरंच हैराण होतो, त्याचा संताप खोटा नाही. सकाळी विहिरीवर चार माणसं जमतात, तोडलेली टोकं बघतात, कुणीतरी तंबाखू मळतो. अजून ठाण्याला फोन गेलेला नसतो, पंचनामा व्हायचा असतो, माग काढायला आता रामोशी नसतो. आणि त्या चौघांतला एक जण, फार विचार न करता, हमखास विचारतो,

“पालं कुठं पडल्यात रं सध्या?”